काढता येणारी जाळी

पेणला आमचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे. सेक्शन कापणं, चौकट जुळवणं, काच बसवणं ही यजमानांची कामं. डासांच्या जाळ्या मी करते. माझं माहेर पेणच्याच खारेपाटातलं, दादर गावाच्या बाजूचं. सासर रोह्याला, अष्टमीत. त्यामुळे गिऱ्हाईकही बहुतेक या दोन तालुक्यांतलंच. मापं घ्यायला गेले की घरातली बाई विचारते, "ताई, किती वर्षं टिकेल?" त्याचं उत्तर देण्याआधी मी विचारते, "घरात येतंय काय, आणि कुठल्या वेळी?" आमच्याकडे वर्षभर एकच किडा येत नाही आणि सगळे एकाच जाळीने अडत नाहीत.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी जमिनीतून बाहेर पडते. दिव्याभोवती घिरट्या घालते आणि सकाळी केरात नुसते पंख सापडतात. ती चावत नाही, पण पंख गळालेली जोडी नवी जागा शोधत असते. रोह्यातल्या जुन्या वाड्यांची तुळई, खांब, चौकटी सागाच्या नाहीतर ऐनाच्या. तिथे या किड्यांना बाहेर ठेवण्याला मोल आहे.

लावणीच्या सुमारास डास वाढतात, पाकोळ्या येतात. त्याच दिवसांत दिव्याकडे एक बारीक, लांबट, नारिंगी-काळा किडा येतो. त्याच्याबद्दल मी प्रत्येक घरात मुद्दाम सांगते. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण मानेवर किंवा हातावर बसलेला असताना चिरडला तर त्याच्या अंगातल्या रसाने दुसऱ्या दिवशी कातडीवर भाजल्यासारखा लाल पट्टा उठतो आणि फोड येतात. बरेचजण त्याला नागीण समजतात. हा किडा फुंकरीने किंवा कागदाने उडवावा. चिरडलाच तर जागा लगेच साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये.

मग भात पोटरीला येतं, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतातले तुडतुडे दिव्यावर येतात. हिरवे, तपकिरी, इतके बारीक की नेहमीच्या जाळीतूनही काही आत शिरतात. डोलवहाळच्या कालव्यामुळे रोह्याच्या बाजूला उन्हाळी भातही होतं, म्हणजे तिकडे शेतात पाणी पावसाळ्यानंतरही उभं असतं. तुडतुड्यांसाठी जाळीबरोबर दिवाही बदलावा लागतो. पांढऱ्या, निळसर प्रकाशाकडे किडे जास्त येतात, पिवळसर प्रकाशाकडे कमी. ओटीवरचा पांढरा एलईडी काढून तिथे पिवळा लावायचा आणि खिडकीसमोरचा दिवा दुसऱ्या भिंतीला न्यायचा. या दोन गोष्टींत माझी काही विक्री होत नाही, तरी मी त्या आधी करायला सांगते.

डासांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळे डास एका वेळेचे नसतात. मलेरियाचा डास संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो. गटारात, संडासाच्या टाकीत वाढणारा, हत्तीरोग पसरवणारा डासही रात्रीचाच. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा डास, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार उतरल्यावर विशेष. तो घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. जाळी फक्त रात्री ओढून घेणाऱ्या घरात या तिसऱ्या डासाला सबंध दिवस मोकळा मिळतो. दुपारी पोरं ओटीवर अभ्यासाला बसतात तेव्हाही जाळी लागलेली हवी.

आणि तिन्हीसांज. दिवेलागणीला दार बंद ठेवायचं नाही, लक्ष्मी यायची वेळ असते, हे माझ्या आईने मला शिकवलं आणि मी ते पाळते. आमच्याकडच्या बहुतेक घरांत पाळतात. रात्रीचे डास घरात शिरायला लागतात तेही याच वेळी. म्हणून मी खिडक्यांच्या आधी दाराचं बोलते. लाकडी दार सताड उघडं ठेवता येईल आणि त्याच चौकटीत जाळी लागलेली असेल, अशी सोय करता येते. तुळशीपुढचा दिवा आतून दिसतो, वारा येतो आणि डास बाहेर राहतात.

जाळीने खरंच आजार अडतो का, असं कुणी विचारलं तर मी इटलीची हकीगत सांगते. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. तोवर लोक दलदलीतल्या वाईट हवेला दोष देत आणि खिडक्या गच्च बंद करून बसत. त्यानंतर तीन वर्षांनी, १९०० च्या उन्हाळ्यात, इटलीतले शास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी यांनी दक्षिणेकडच्या एका रेल्वेमार्गावर प्रयोग केला. स्टेशनांवरची आणि गेटवरची माणसं व त्यांची कुटुंबं, शंभरावर जण, यांच्या खिडक्या-दारांना जाळ्या बसवल्या आणि संध्याकाळनंतर आत राहायला सांगितलं. आजूबाजूच्या जवळजवळ सगळ्यांना मलेरिया झाला, जाळीतल्या मोजक्याच माणसांना झाला. त्याच वर्षी लुई सॅम्बन आणि जॉर्ज लो हे लंडनचे दोन डॉक्टर रोमजवळच्या दलदलीत जाळीच्या झोपडीत मलेरियाच्या हंगामात राहिले. तीच दलदल, तीच हवा, आणि दोघेही धडधाकट राहिले. रोज रात्री आत जाऊन जाळी लावून घ्यायची, एवढाच काय तो त्यांचा उपचार.

आता जाळीचं कापड. बाजारात जास्त खपते ती फायबरची जाळी, म्हणजे काचेच्या धाग्यावर प्लास्टिकचा लेप. नेहमीच्या जाळीत इंचाला एका बाजूने १८ आणि दुसऱ्या बाजूने १६ भोकं असतात. धाग्याची जाडी वजा केली तर एकेक भोक सव्वा मिलिमीटरच्या आसपास उरतं. डास त्यातून जात नाही. खाडीकाठच्या कांदळवनाजवळ संध्याकाळी जी बारीक चावरी चिलटं येतात ती मात्र जातात. त्यांच्यासाठी इंचाला २० किंवा त्याहून जास्त भोकांची जाळी लागते, पण जाळी जितकी बारीक तितका वारा कमी. नेहमीच्या नव्या जाळीतही सुमारे दोन तृतीयांशच जागा मोकळी असते. आमच्याकडच्या दमट हवेत हे लगेच जाणवतं. म्हणून सगळ्या घराला सरसकट बारीक जाळी मी सुचवत नाही. खाडीकडच्या खिडकीला बारीक, बाकीच्यांना साधी.

लोखंडी जाळी अजून काही जण मागतात, वडिलांच्या वेळची टिकली म्हणून. वाशी, शिर्की, दादर या पट्ट्यात मी ती देत नाही. तिथल्या खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा फार पुरत नाही. मग गंज उतरून पांढऱ्या भिंतीवर तपकिरी ओघळ येतात आणि जाळी कोपऱ्यांतून सुटते. जिथे धातूच हवा, म्हणजे उंदीर कुरतडतात तिथे किंवा गॅसच्या शेगडीमागच्या खिडकीला, तिथे स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी. शेगडीजवळ वेलक्रोची कापडी जाळी लावू नये. ती आचेने आखडते, शिवाय फोडणीचं तेल आणि धूळ तिच्यावर चिकटून भोकं बुजतात. घरात मांजर असेल तर जाड पॉलिएस्टरची जाळी मिळते. मांजर त्यावर चढतं, पण फाडू शकत नाही.

हे सगळं सांगितल्यावरही माझा खरा आग्रह कापडाचा नसतो. जाळी काढता आली पाहिजे, हा आहे.

जुन्या घरांत जाळी चौकटीवर खिळे आणि लाकडी पट्टी मारून कायमची ठोकलेली असते. पहिल्या वर्षी छान दिसते. मग तिच्यावर धूळ बसते, पावसाळ्यात ती ओली होते, धूळ घट्ट होते, वारा थांबतो. बाहेरची झडप पुसायची तर हात पोचत नाही. वादळी पावसात झडप ओढून घ्यायची तर कडी जाळीच्या पलीकडे. एके दिवशी घरातलं कुणीतरी कडीपुरता कोपरा कापतं, आणि त्या दिवसापासून ती जाळी असून नसल्यासारखी होते. या दोन तालुक्यांत मी पाहिलेल्या निकामी जाळ्यांपैकी बहुतेक जुन्या होऊन फाटलेल्या नाहीत. हात पलीकडे जायला वाट नव्हती म्हणून त्या माणसांनी कापल्या आहेत. जी जाळी दोन मिनिटांत उतरवता येते, धुता येते आणि परत लावता येते ती घरात वर्षानुवर्षं राहते. टिकण्याबद्दल विचारणाऱ्या बायकांना मी हेच सांगते.

सगळ्यात साधा आणि स्वस्त प्रकार वेलक्रोचा. जाळीच्या चारी कडांना कापडी पट्टी दुमडून शिवायची, तिच्यावर वेलक्रोची मऊ बाजू. काटेरी बाजूला मागून गोंद असतो, ती चौकटीला चिकटवायची. शिवण सोपी आहे, माप कठीण. जुनी लाकडी चौकट कधीच काटकोनात नसते. वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी रुंदी घ्यायची, तसंच उंचीचं. दोन-तीन सुतांचा फरक हमखास निघतो. सगळ्यात मोठं माप धरायचं आणि पट्टीवर पुरेसं बसेल इतकं कापड चारी बाजूंनी जास्त ठेवायचं. ताणून लावायची जाळी लहान पडली तर कोपऱ्यात फट राहते आणि डासाला तेवढी पुरते. आमच्याकडच्या खिडक्यांच्या झडपा बाहेर उघडतात, त्यामुळे जाळी आतून येते. गजांना ती घासू नये इतकं अंतर पाहायचं. कडीपाशी रोज हात घालावा लागत असेल तर तिथे चेन शिवून घ्यावी, म्हणजे सबंध जाळी काढायला नको.

चिकटपट्टी चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर लावू नये. ती रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येते. लाकूड, ॲल्युमिनियम, ग्रॅनाइट, संगमरवर यांवर चांगली बसते. जागा आधी ओल्या फडक्याने पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, मग स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढायचा. पट्टी अंगठ्याने जोर देऊन दाबायची आणि एक दिवस जाळी न लावता तशीच सोडायची. गोंद पकडायला तेवढा वेळ लागतो. हे काम वैशाखातच उरकावं. डास वाढले की जुलैमध्ये दुकानात गर्दी होते, पण तेव्हा चौकटी फुगलेल्या असतात, हवेत ओल असते आणि गोंद धरत नाही.

रोह्यात धाटावच्या कारखान्यांमुळे इमारती वाढल्या आणि तिथे सगळीकडे स्लायडिंग खिडक्या. त्यातही दोन प्रकार. तीन ट्रॅकच्या खिडकीत तिसऱ्या ट्रॅकवर जाळीची झडप येते, तीही उचलून काढता येते. दोन ट्रॅकच्या खिडकीत तिला जागाच नसते. तिथे आतून वेलक्रो लावावी. नवं घर बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की खिडकी ठरवतानाच तिसरा ट्रॅक मागून घ्या. नंतर तो वाढवता येत नाही. जाळीची झडप असली तरी दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथली ब्रशपट्टी झिजली का ते पाहावं, आणि खिडकी अर्धवट उघडी न ठेवता काच पूर्ण एका बाजूला सारावी. अर्धवट उघड्या खिडकीत काच आणि जाळी यांच्या मधून वाट राहते.

दाराला तीन मार्ग आहेत. बिजागरीवरची जाळीची झडप सगळ्यात भक्कम, पण तिला उघडायला जागा लागते. घड्या पडणारी, बाजूला सरकणारी जाळी फ्लॅटमध्ये सोयीची, मात्र तिच्या खालच्या पट्टीत माती अडकते आणि अंगणातून थेट घरात येणाऱ्यांच्या घरी ती लवकर अडखळते. तिसरा मार्ग मधोमध चुंबक लावलेला दोन पाखांचा पडदा. माणूस मधून जातो आणि मागे पडदा आपोआप मिटतो. म्हाताऱ्या माणसांना, हातात पाण्याची कळशी असलेल्यांना तो बरा. उंबरठ्यापाशी तो दोन बोटं वर राहिला तर उपयोग नाही, म्हणून खालच्या कडेत मी वजनाची पट्टी शिवते.

हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांसाठी मी असे मोठे पडदे शिवले आहेत. गणपती जवळ आले की तिथे रात्री उशिरापर्यंत प्रखर दिव्याखाली रंगकाम चालतं आणि नेमके तेच दिवस किड्यांचे. डोळ्यांची आखणी केल्यावर ओल्या रंगावर एक पाकोळी बसली तरी ती काढताना रंग जातो. तो हात फार थोड्यांना साधलेला असतो आणि तेवढं काम पुन्हा करावं लागतं. दार बंद करावं तर मूर्ती वाळत नाहीत, त्यांना वारा हवाच. आणि मूर्ती टेम्पोत चढवायच्या दिवशी दार पूर्ण मोकळं लागतं. म्हणून तिथला पडदा वरच्या नळीवर कड्यांनी लावलेला असतो. दोघांनी मिळून उतरवायचा, मूर्ती गेल्या की परत चढवायचा. पापड, मिरगुंडं वाळत घालणाऱ्या बायकांनाही याच जाळीची झाकणं करून देते, माश्यांसाठी.

कौलारू घरांची अडचण खिडकीपलीकडची आहे. भिंत जिथे संपते आणि छप्पर सुरू होतं तिथे वाशांच्या मधली जागा उघडी असते. हवा खेळावी म्हणून ती ठेवलेली असते आणि घर थंड राहतं ते तिच्यामुळेच. पण मलेरियाचे डास त्या वाटेने सहज आत येतात. आफ्रिकेत गॅम्बिया देशात अशाच घरांवर एक अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दारं-खिडक्यांना जाळ्या लावून छपराखालची फट बुजवलेल्या घरांत मलेरियाचे डास निम्म्याहून कमी झाले. साध्या घरांतल्या १९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं, तर जाळीच्या घरांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के होतं. नुसत्या छताखाली जाळी ताणलेल्या घरांतही मुलांना असाच फायदा दिसला. तेव्हापासून मी कौलारू घरात निजायच्या खोलीला वरून जाळी ताणून घ्यायचा सल्ला देते. भिंतीवर आडव्या पट्ट्या मारायच्या आणि त्यांना वेलक्रोने जाळी. कौलं शाकारायची वेळ आली की ती उतरवता येते. तान्हं मूल असेल तर या सगळ्यावर मच्छरदाणीही हवीच.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. कौलं, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत अनेक दिवस अंधार राहिला. पंखे बंद, भिंतीत खोचायची डासांची औषधं बंद, चार्जिंगची रॅकेट बंद, आणि वर पाऊस. ज्यांच्या घरी छप्पर धड राहिलं आणि खिडक्यांना जाळ्या होत्या त्यांना निदान रात्रीची झोप मिळाली. काढता येणाऱ्या जाळ्या काही जणांनी शेजाऱ्यांच्या घरी नेऊन लावल्या, माप थोडं इकडे-तिकडे असलं तरी. त्यानंतर माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक बदललं. वीज असेल-नसेल, जाळी तरी काम करेल, असं लोक स्वतःहून म्हणायला लागले.

जाळी डास मारत नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. संध्याकाळी जाळी लावायच्या आधी घरात शिरलेले डास बाहेर काढायला हवेत, नाहीतर ते आतच राहतात. न्हाणीघरातल्या तिरप्या काचांची खिडकी, एसीच्या नळीचं भोक, दाराखालची फट या जागा विसरू नयेत. आणि डास वाढतात कुठे ते पाहायला हवं. खारेपाटात नळाला पाणी रोज नसतं, म्हणून प्रत्येक घरात पिंपं भरलेली असतात. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करायला सांगतात. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. पाण्याची टंचाई असताना साठवलेलं पाणी ओतून द्या, असं मला कुणाला सांगवत नाही. मी पिंपाच्या तोंडाच्या मापाची, कडेला इलॅस्टिक घातलेली जाळी देते. ती घट्ट बसते, पाणी घेताना काढता येते आणि तिच्यातून डासाला आत अंडी घालायला जाता येत नाही.

कापून उरलेले तुकडे मी टाकत नाही. संडासाच्या टाकीला हवेसाठी उंच पाइप असतो, त्याचं तोंड बहुतेक घरांत उघडं असतं आणि टाकीतले डास तिथून झुंडीने बाहेर पडतात. वीतभर जाळीचा तुकडा पाइपाच्या तोंडावर बसवून तारेने किंवा सुतळीने आवळला की झालं. काम दहा मिनिटांचं आहे, फक्त शिडीवर चढणारं कुणीतरी हवं. गावातली पोरं हे आनंदाने करतात. मी जिथे जाळ्या लावायला जाते तिथे जाताना दोन-चार तुकडे देऊन येते, त्या घरासाठी आणि शेजारच्यांसाठी.

धुण्याबद्दल एवढंच, की जाळी महिन्यातून एकदा उतरवावी, कोमट पाण्यात साबणाचा फेस करून त्यात थोडा वेळ ठेवावी आणि मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी पुसावी. पिळू नये, कारण फायबरचा धागा मोडतो आणि घडीच्या रेघेवर भोकं पडतात. सावलीत वाळवावी. पावसाळ्यात ती पंख्याखाली पूर्ण सुकल्याशिवाय लावू नये, नाहीतर कापडी पट्टीवर बुरशी धरते. वेलक्रोच्या काट्यांत अडकलेले केस आणि दोरे जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावेत. त्यांच्यामुळेच पकड जाते आणि लोकांना वाटतं जाळी खराब झाली. आणि सगळ्या जाळ्या एकदम उतरवणार असाल तर प्रत्येकीच्या पट्टीवर पक्क्या शाईने खिडकीचा नंबर आणि वरची बाजू लिहून ठेवा. जुन्या घरात दोन खिडक्या सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात.